नव्या झेंड्याची हौस

ऑगस्ट लागला की सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या बाजारपेठेत दुकानांच्या दारांवर एकाच दोरीला तीन जिनसा लटकायला लागतात: राख्या, रेनकोट आणि तिरंगे. राखीचा भाव विचारला जातो, रेनकोटची शिवण ओढून पाहिली जाते. तिरंग्याच्या बाबतीत मात्र "यात दुसरं डिझाइन दाखवा" असं अजून कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. ज्या गावात साधी चादर घ्यायची तरी दुकानदाराला अर्धं कपाट उलगडायला लावतात, त्या गावात ही मोठीच गोष्ट म्हणायची. आकार लहान-मोठा मिळतो, काठी प्लॅस्टिकची की लाकडाची एवढं विचारता येतं. बाकी निवडीला वाव नाही आणि निवडीला वाव नाही म्हणून तक्रारही नाही.

म्हणूनच देशाने झेंडा बदलावा का, हा प्रश्न आपल्याकडच्या पारावर सहसा निघत नाही. पारावरचे विषय ठरलेले: उसाचा दर, कॅनॉलचं आवर्तन, आणि बदली झालेला साहेब चांगला होता की आलेला चांगला आहे. पण जगात असे देश आहेत की जिथे हा प्रश्न भर विधिमंडळात निघतो, त्यावर समित्या बसतात, मतदान होतं आणि कोट्यवधी रुपये खर्ची पडतात. एवढ्या खर्चात आपल्याकडे एखादी उपसा सिंचन योजना निदान सुरू तरी झाली असती. पुरी होणं हा वेगळा भाग.

न्यूझीलंडचंच घ्या. त्यांचा झेंडा निळा, कोपऱ्यात ब्रिटनचा युनियन जॅक आणि बाजूला चार तांबडे तारे. शेजारच्या ऑस्ट्रेलियाचाही निळाच, कोपऱ्यात तोच युनियन जॅक, तारे तेवढे पांढरे आणि दोन जास्त. जुळ्या भावंडांना मास्तरांनी एकमेकांच्या नावाने हाका माराव्यात तसं या दोन देशांचं जगभर होत आलं. तेव्हा पंतप्रधान जॉन की यांनी लोकांनाच विचारायचं ठरवलं. नवा झेंडा कसा असावा ते सुचवा, असं आवाहन २०१५ मध्ये निघालं आणि १०,२९२ चित्रं जमा झाली. चाळीस-पंचेचाळीस लाख वस्तीचा देश. म्हणजे सरासरी काढली तर प्रत्येक आळीत एक चित्रकार निघाला. एकाने तर किवी पक्ष्याच्या डोळ्यांतून हिरवी लेसरची किरणं निघताहेत असा झेंडा काढून पाठवला. समितीने अर्थातच तो बाजूला ठेवला. पण आज त्या सगळ्या खटाटोपातलं लोकांच्या लक्षात राहिलंय ते नेमकं हेच चित्र. निवडलेल्या झेंड्यांवर डिसेंबर २०१५ मध्ये एक मतदान झालं, त्यातून पहिला आलेला नेच्याच्या पानाचा झेंडा आणि जुना झेंडा यांच्यात मार्च २०१६ मध्ये दुसरं मतदान झालं. अडीच कोटी डॉलरच्या वर खर्च झाला. निकाल काय, तर शंभरातल्या जवळपास सत्तावन्न लोकांनी सांगितलं, आहे तोच राहू दे.

हे सगळं आपल्याकडे झालं असतं तर कसं झालं असतं, हा विचार मनात आला की मला राहवत नाही. देशाचा झेंडा ही मोठी गोष्ट, तिला हात नको. समजा, नुसत्या कोरेगाव तालुक्याला एक झेंडा करायचा ठरला. एसटी स्टँडसमोर चहा पिता पिता बैठक बसली.

"झेंड्यावर घेवडा पायजे," पहिला आवाज येतो. "वाघ्या घेवड्याला जीआय मानांकन हाय. दुसऱ्या कुठल्या तालुक्याकडं असली चीज न्हाय. शिवाय अंगावर पट्टे आधीच हायेत. वेगळे काढाय नकोत."

"घेवडा काढला तर आलेवाल्यांनी काय करायचं?" दुसरा म्हणतो. "सातारी आलं देशभर जातंय."

"आल्याचा दर पडला म्हंजे झेंडा बी खाली उतरवायचा का अण्णा?"

मग एक मास्तर मध्ये पडतात आणि पिकं सोडा, डोंगर घ्या, असं सुचवतात. जरंडेश्वर घ्या. कोरेगावात कुठूनही मान वर केली की जरंडा दिसतो. यावर सगळे क्षणभर खूष होतात. आणि मग कुणाला तरी आठवतं की जरंडा साताऱ्यातूनही दिसतो आणि सातारकर तो आपलाच समजतात. रहिमतपूरचे म्हणतात, नगरपालिका आमची जुनी, आमचं काहीतरी घ्या. नांदगिरीचे म्हणतात, कल्याणगड काय फुकट उभा आहे का? शेवटी सगळ्यांची सोय म्हणून नुसते रंगीत पट्टे घ्यायचे ठरतात. हिरवा शेतीचा, तांबडा मातीचा, निळा पाण्याचा. इथे उत्तर कोरेगावचे एक आजोबा चहाचा कप खाली ठेवतात.

"निळा पट्टा आमच्याकडं कितव्या टप्प्यात येणार, तेवढं आधी लिहून द्या," ते म्हणतात.

बैठक तिथेच संपते. पुढच्या बैठकीची तारीख नंतर कळवण्यात येईल.

हसण्यावारी नेलं तरी यात एक खरी अडचण आहे. झेंड्यावर काय घ्यायचं असं विचारलं की प्रत्येकाला आपली वस्तू दिसते, आणि दुसऱ्याची वस्तू घेतली की आपली वगळली असं वाटतं. झेंडा आधीपासून असला की हा प्रश्नच उरत नाही. या बाबतीत झेंड्याची जात माणसाच्या नावाची. नाव ठेवताना आपल्याला कुणी विचारलेलं नसतं. दगडू नाव ठेवलेला पोरगा पंधराव्या वर्षी त्यावर रुसतो, पंचविसाव्या वर्षी लग्नपत्रिकेत दुसरं काही छापता येईल का ते बघतो आणि साठीला त्याच नावाचा त्याला अभिमान वाटतो, कारण तोवर त्या नावाने कर्ज काढून फेडलेलं असतं, सोसायटीत निवडून आलेला असतो आणि चार जणांना मदतही केलेली असते. नाव चांगलं होतं म्हणून माणूस मोठा झाला नाही. माणूस जगला म्हणून नावाला वजन आलं. न्यूझीलंडच्या त्या सत्तावन्न टक्क्यांना जुना झेंडा फार सुंदर वाटत होता असं मुळीच नाही. तो त्यांचा होता, एवढंच.

ज्यांनी झेंड्यात थोडीशीच दुरुस्ती करून बघितली त्यांचे किस्से तर आणखी मजेदार आहेत. आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या झेंड्यावर उगवता सूर्य होता. २०१० मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांना वाटलं, देश आता पुष्कळ पुढे आला. उगवता सूर्य किती दिवस ठेवायचा? म्हणून त्यांनी सूर्य पुरता वर आणला, पूर्ण गोल केला. लोकांना काही आपल्या दारात दुपार झाल्यासारखं वाटेना. दोनच वर्षांनी, २०१२ मध्ये नवी राजवट आली आणि सूर्य पुन्हा होता तिथे, क्षितिजावर नेऊन ठेवला. मध्य आशियातल्या किर्गिझस्तानने २०२३ च्या शेवटी आपल्या झेंड्यावरच्या सूर्याची वळणदार किरणं सरळ करून घेतली. कारण काय, तर तो सूर्य सूर्यफुलासारखा दिसतो अशी टीका होती, आणि सूर्यफूल म्हणजे ज्याची चलती त्याच्याकडे तोंड फिरवणारं! हा नियम आपल्याकडे लावायचा झाला तर झेंड्यांच्या आधी बरीच माणसं सरळ करावी लागतील.

युरोपातलं लिख्टेनस्टाइन नावाचं चिमुकलं संस्थान १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला गेलं, तेव्हा त्यांना कळलं की निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा आपला झेंडा कॅरिबियन समुद्रातल्या हैतीचाही आहे. दोन्ही देशांना तोवर याचा पत्ता नव्हता. पुढच्या वर्षी लिख्टेनस्टाइनने गुपचूप झेंड्यावर एक मुकुट चढवला. भांडण नाही, समिती नाही, सार्वमत नाही. मला हा झेंडाबदल फार आवडतो, कारण त्यात गरज होती आणि गरजेपुरतीच दुरुस्ती होती.

आपल्या नौदलाची गोष्ट तर अगदी घरातली. त्यांच्या निशाणावर स्वातंत्र्यानंतरही इंग्रजांचा तांबडा क्रूस राहून गेला होता. २००१ मध्ये तो काढला आणि त्याजागी नौदलाचं निळं बोधचिन्ह बसवलं. हेतू उत्तम, पण निळं चिन्ह, निळं आकाश आणि निळा समुद्र यांत निशाण ओळखू येईना अशी तक्रार आली. म्हणून २००४ मध्ये तांबडा क्रूस परत आला, मधोमध अशोकस्तंभ घेऊन. शेवटी २ सप्टेंबर २०२२ ला कोचीमध्ये विक्रांत नौका नौदलात दाखल करण्याच्या सोहळ्यात नवं निशाण फडकलं. क्रूस गेला आणि नांगराच्या चिन्हाभोवती अष्टकोन आला, शिवछत्रपतींच्या अष्टकोनी राजमुद्रेवरून घेतलेला. या बदलावर कुणी नाक मुरडल्याचं मला तरी आठवत नाही. साताऱ्याकडच्या माणसाने तर ती बातमी शेजाऱ्याला मुद्दाम वाचून दाखवली असेल. आधीचा बदल टिकला नाही आणि हा टिकला, याचं कारण मला साधं वाटतं. पहिल्या वेळी जुनं काय काढायचं ते ठरलं होतं. या वेळी नवं काय म्हणायचं तेही ठरलं होतं.

आता एक कबुली देशाच्या वतीने द्यायला हवी. बदलाच्या नावाने आपण इतकं हसतो खरं, पण आपला स्वतःचा झेंडा चाळिसेक वर्षांत इतक्या वेळा बदललाय की न्यूझीलंडच्या समितीलाही घाम फुटावा. मादाम कामांनी १९०७ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या परिषदेत फडकवलेला झेंडा हिरवा, पिवळा आणि तांबडा; त्यावर कमळं, मधल्या पट्ट्यावर देवनागरीत वंदे मातरम्, खाली सूर्य आणि चंद्रकोर. इंदुलाल याज्ञिकांनी तो चोरून हिंदुस्थानात आणला आणि आज तो पुण्यात केसरीवाड्यात आहे. कोरेगावहून सकाळची गाडी धरली तर बघून संध्याकाळी घरी येता येतं. बघितल्यावर पहिल्यांदा मनात येतं, अरे, यावर किती गोष्टी आहेत! ज्या देशाला स्वतःचं काही म्हणायची बंदी असते तो देश संधी मिळताच एका कापडावर सगळं सांगून टाकतो, हे नंतर लक्षात येतं.

त्यानंतर १९१७ मध्ये होमरूल चळवळीचा झेंडा आला. ॲनी बेझंट आणि लोकमान्य टिळक यांच्या चळवळीच्या त्या झेंड्यात पाच तांबडे आणि चार हिरवे पट्टे, सप्तर्षींचे सात तारे, एक चंद्रकोर आणि वरच्या कोपऱ्यात चक्क युनियन जॅक. टिळकांच्या चळवळीच्या झेंड्यावर युनियन जॅक हे वाचून आज दचकायला होतं. पण मागणी तेव्हा साम्राज्यात राहून स्वराज्याची होती, आणि झेंडा मागणीशी प्रामाणिक होता. मागणी बदलली तेव्हा झेंडाही बदलला. १९२१ मध्ये बेझवाड्याच्या काँग्रेस बैठकीच्या वेळी पिंगली वेंकय्यांनी आपला झेंडा गांधीजींपुढे ठेवला. त्यातून पुढे पांढरा वर, हिरवा मध्ये आणि तांबडा खाली असा चरख्याचा झेंडा आला. १९२३ मध्ये नागपुरात याच झेंड्यासाठी सत्याग्रह झाला. सिव्हिल लाइन्समधून झेंडा घेऊन जायचं नाही, असा सरकारचा हुकूम. आणि जाणारच, असा लोकांचा हट्ट. मे ते ऑगस्ट देशभरातून माणसं येऊन तुरुंगात जात राहिली. ज्या रंगांसाठी ती तुरुंगात गेली त्यांचा क्रम आजच्यासारखा नव्हता आणि केशरी तर त्यात नव्हताच.

मग १९३१ मध्ये काँग्रेसने झेंड्यासाठी सात जणांची समिती नेमली. पटेल, नेहरू, आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभि सीतारामय्या, ना. सु. हर्डीकर आणि काका कालेलकर. हे कालेलकर जन्माने साताऱ्याचे, तेव्हा आपला एक माणूस समितीत होता असं म्हणायला हरकत नाही. रंगांना धर्मांच्या नावाने ओळखायला लोक लागले होते आणि त्यावरून वाद होते. समितीने तोडगा काढला: सगळा झेंडा एकाच केशरी रंगाचा करा आणि त्यावर चरखा ठेवा. एक रंग म्हटला की वाटणीच नको! ही शिफारस अखिल भारतीय काँग्रेस समितीने मान्य केली नाही. तीन रंग राहिले. वर केशरी आला, मध्ये पांढरा, खाली हिरवा, मधोमध चरखा. आणि रंगांचा अर्थ कुठल्या धर्माशी नाही, त्याग, शांती, श्रद्धा अशा गुणांशी जोडावा असं ठरलं. समितीत एवढी मोठी माणसं असून लोकांनी समितीचं ऐकलं नाही, हे मला या कथेतलं फार गोड पान वाटतं. तिरंगा तोवर घराघरात पोचला होता.

शेवटचा बदल १९४७ चा. जूनमध्ये राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. साताऱ्याच्या ज्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचं नाव दाखल झालं, ती आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. समितीपुढे प्रश्न होता की एका पक्षाचा झेंडा देशाचा कसा करायचा. उत्तर निघालं: तीन रंग तसेच ठेवा, चरख्याऐवजी सारनाथच्या अशोकस्तंभावरचं चक्र घ्या. २२ जुलैला नेहरूंनी संविधान सभेत ठराव मांडला आणि एक अगदी व्यवहारातलं कारण दिलं: चरखा एका बाजूने सुलट दिसतो, झेंडा मागून पाहिला की उलटा होतो; चक्र कुठूनही पाहा, सारखंच. गांधीजींना चरखा गेल्याचं वाईट वाटलं आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं. पण ठराव मंजूर झाला आणि तीन-साडेतीन आठवड्यांत त्या झेंड्याखाली देश स्वतंत्र झाला.

या ठिकाणी थोडं थांबायला हवं, कारण इथवर हसत हसत आलो तरी यापुढची वाट पुसेगावमार्गे वडूजला जाते. ९ सप्टेंबर १९४२. चले जाव चळवळीला महिना झाला होता. वडूजच्या मामलेदार कचेरीवर तिरंगा लावायला मोर्चा निघाला, सगळ्यात पुढे हातात झेंडा घेतलेले वडगावचे परशुराम घार्गे. पोलिसांनी गोळीबार केला. घार्गे पडले, आणखी माणसं पडली. त्या मोर्चातल्या नऊ हुतात्म्यांची नावं आजही तिथे आदराने घेतली जातात. त्यांच्या हातातल्या झेंड्यावर चरखा होता. पाच वर्षांनी जो झेंडा देशाने स्वीकारला त्यावर चक्र आलं. तेव्हा कुणी विचारू शकलं असतं, की ही माणसं ज्या झेंड्यासाठी गेली तो हा नव्हेच. कुणी विचारलं नाही. वडूजला दरवर्षी वंदन होतं ते चक्राच्या झेंड्याला, आणि त्यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही येत नाही.

कॅनडात मात्र नेमका हाच प्रश्न विचारला गेला. पंतप्रधान लेस्टर पीअर्सन यांनी मे १९६४ मध्ये विनिपेगला माजी सैनिकांच्या मेळाव्यात जाऊन सांगितलं, आता युनियन जॅकवाला झेंडा पुरे, मेपलच्या पानाचा आणू. सैनिकांनी त्यांची हुर्यो उडवली. त्यांचं म्हणणं असं, की आमचे सोबती ज्या झेंड्याखाली लढले, मेले, तो तुम्ही कोण काढणार? याला उत्तर सोपं नाही. पीअर्सनही मागे हटले नाहीत. संसदेत महिनोन्‌महिने वाद चालला आणि १५ फेब्रुवारी १९६५ ला तांबड्या पानाचा झेंडा चढला. आज त्या पानाशिवाय कॅनडा ओळखता येत नाही.

हा सैनिकांचा मुद्दा आपल्या जिल्ह्याइतका दुसऱ्या कुणाला कळणार? साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव मिलिटरी अपशिंगे म्हणून ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. ते ज्या निशाणाखाली लढले ते इंग्रजांचं होतं. त्यांचे नातू-पणतू लढले ते तिरंग्याखाली. गावाने दोन्हींत फरक केला नाही. शौर्य निशाणाला चिकटलेलं नसतं, माणसाला असतं. निशाण बदललं म्हणून मेलेल्या माणसाची किंमत उतरत नाही. कॅनडाच्या त्या सैनिकांना कुणी अपशिंग्याला आणलं असतं तर कदाचित त्यांचा राग थोडा निवळला असता.

झेंड्यात काय बदलतं आणि काय बदलत नाही, हे आपल्या भागातल्या लोकांना पुस्तक न वाचताही ठाऊक आहे. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला वाडी रत्नागिरीवर गावोगावच्या सासनकाठ्या निघतात. काठी जुनी झाली की नवी येते, निशाणाचं कापड तर नवं येतच राहतं, नाचवणारे खांदे पिढीगणिक बदलतात. बदलत नाही तो मान. पहिला मान आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाडळीच्या काठीचा, मग बाकीच्यांचा, असा क्रम चालत आलेला आहे. तो क्रम जरा सुटसुटीत करू, वर्णानुक्रमे लावू, असं एखाद्या हुशार अधिकाऱ्याने सुचवून बघावं. गुलालाने न्हाऊन तो परत येईल, पण क्रम जिथल्या तिथे राहील.

मग कधीच बदलू नये का? तसंही नाही. दक्षिण आफ्रिकेने १९९४ मध्ये बदलला आणि बदलायलाच हवा होता. जुना झेंडा ज्या राजवटीचा होता तिने देशातल्या बहुसंख्य माणसांना माणूसच मानलं नव्हतं. नव्या झेंड्यासाठी स्पर्धा घेतली, सात हजारांवर चित्रं आली, एकही पसंत पडलं नाही. निवडणूक तोंडावर आली तेव्हा फ्रेडरिक ब्राउनेल नावाच्या सरकारी अधिकाऱ्याच्या आराखड्यावर घाईघाईत शिक्कामोर्तब झालं, तेही तात्पुरतं म्हणून. २७ एप्रिल १९९४ ला, मतदान सुरू असताना तो झेंडा पहिल्यांदा फडकला. नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले आणि तात्पुरता झेंडा कायमचा झाला. सहा रंगांचा, समितीला घाम फोडणारा, तज्ज्ञांच्या दृष्टीने जरा गर्दीचाच. पण लोकांनी तो डोक्यावर घेतला. देश खरोखर बदलला होता आणि त्या बदलाची पावती लोकांना हवी होती.

याच्या नेमकं उलट फिजीचं. २०१५ मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी युनियन जॅक काढायचं जाहीर केलं, स्पर्धाही घेतली. मग मोठं वादळ आलं, पैसा मदतीकडे वळवावा लागला. आणि ऑगस्ट २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये फिजीच्या रग्बी संघाने देशाचं पहिलंवहिलं सुवर्णपदक मिळवलं. जुना, निळा, युनियन जॅकवाला झेंडा घेऊन लोक रस्त्यावर नाचले. ते पाहून पंतप्रधानांनी बेत गुंडाळला. ज्या झेंड्यात सरकारला पारतंत्र्य दिसत होतं त्यात लोकांना आपली पोरं दिसत होती.

एवढं सगळं पाहिल्यावर माझा निवाडा असा. झेंडा देशाच्या मागून यावा, पुढून नव्हे. देश नवा झाला असेल, निदान नवा व्हायला प्रामाणिकपणे निघाला असेल, तर नवा झेंडा चार आठवड्यांत शिवून घेता येतो आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. देश होता तिथेच असेल, नुसता कंटाळा आला असेल, तर कितीही मोठी समिती बसवा, लोक शेवटी जुन्यावरच शिक्का मारतात. आपण १९०७, १९१७, १९२१, १९३१ आणि १९४७ मध्ये रंग आणि चिन्हं बदलली ती प्रत्येक वेळी आपली मागणी किंवा समज वाढली म्हणून. १९४७ नंतर बदलायची गरज पडली नाही. त्या चक्राच्या चोवीस आऱ्यांमध्ये आपण जे मागितलंय ते अजून पुरतं मिळवायचं बाकी आहे. ते मिळवायच्या आधीच चित्र बदलण्यात काय हशील?

ज्यांना तरीही नव्या झेंड्याची हौस आहे त्यांच्यासाठी एक काम मात्र ताबडतोब करण्यासारखं आहे. ध्वजसंहिता २००२ मध्ये सैल झाली आणि सामान्य माणसाला आपल्या घरावर वर्षभर तिरंगा लावता येऊ लागला. २०२१ च्या अखेरीस पॉलिस्टरच्या आणि यंत्रावर बनवलेल्या कापडालाही मुभा मिळाली. २०२२ मध्ये तर घरावरचा तिरंगा दिवसरात्र ठेवायची परवानगी आली. परवानग्या सगळ्यांनी वाचल्या; फाटलेला, विटलेला झेंडा लावू नये, आणि असा झेंडा एकांतात, शक्यतो अग्नी देऊन, सन्मानाने संपूर्ण नष्ट करावा, हे त्याच संहितेतलं कलम मात्र फारसं कुणी वाचलेलं दिसत नाही. गच्चीवरच्या पाइपाला दोन पावसाळे बांधून ठेवलेला, केशरी पांढऱ्यात उतरलेला आणि हिरव्याच्या दशा झालेला तिरंगा आपल्या तालुक्यात शोधायला लांब जावं लागत नाही. तेव्हा समिती, स्पर्धा आणि सार्वमत राहू द्या. आधी गच्चीवर जा, तो जुना झेंडा नीट उतरवा आणि त्याजागी धड नवा लावा, केशरी वर आहे ना एवढं बघून. नव्या झेंड्याची हौस तेवढ्यात भागते.